ऑर्विलची नजर आणि मागच्या दारचा फ्रीजर

ऑर्विल टर्नबुलच्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नाही! असं ऑर्विल टर्नबुलच म्हणायचा. दुसरं कुणी म्हणेल याची त्याने कधी वाट बघितली नाही. पोस्टात, दुकानात, चर्चच्या पायरीवर, जिथे दोन माणसं उभी दिसतील तिथे हा तिसरा. कानटोपीचे कान वर बांधलेले, झुबकेदार मिशा, पुढे आलेलं पोट आणि गळ्यात जुनी दुर्बीण.

"अरे, दुधात पडलेला पांढरा केस दिसतो मला! पांढऱ्या बर्फात पांढरं अस्वल बसलेलं असू दे, ते कुठल्या कुशीवर बसलंय तेसुद्धा सांगेन!"

"कुशीवर बसत नाहीत रे, झोपतात," क्लेम टॅक्सीवाला म्हणायचा.

"मग झोपलेलं असलं तरी सांगेन!"

आता कॅनडाच्या उत्तरेला आमच्या चर्चिल गावामध्ये नजरेच्या बाता मारणं म्हणजे खायचं काम नाही. ऑक्टोबर संपत आला की हडसनचा उपसागर गोठायची वाट बघत अस्वलं किनाऱ्यावर येरझाऱ्या घालतात. भुकेलेली, चिडलेली, एका जागी न ठरणारी. आणि ती तिकडे येरझाऱ्या घालतात म्हणून आम्ही इकडे घरात येरझाऱ्या घालतो. त्या दिवसांत गावात कुणी मोटारीला कुलूप लावत नाही की घराला कडी घालत नाही. जीव घेऊन पळणारा माणूस ज्या दारावर आदळेल ते दार उघडलंच पाहिजे! आणि नेमका त्याच दिवसांत हॅलोवीन येतो. पोरं सोंगं घेऊन दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागत फिरणार. त्यांनी चेटकीण व्हावं, समुद्री चाचा व्हावं, भोपळा व्हावं, काय वाट्टेल ते व्हावं, पण पांढरं घालायचं नाही. भुतं असली तरी काळी! कारण त्या संध्याकाळी गावाभोवती ट्रक लावून, दिवे घेऊन मोठी माणसं पहारा देतात, आणि अंधारात पांढरं काही हललं की ते अस्वलच समजून भोंगा वाजवायला सांगतात.

या पहाऱ्यातली मानाची जागा बंदरावरच्या धान्यकोठाराखाली. एका बाजूला खडकाळ किनारा, दुसऱ्या बाजूला गावातली शेवटची घरं. ती जागा ऑर्विलची. बंदरावर कामाला होता तेव्हापासून त्याची. पुढे बंदराचं काम गेलं, मुलगी लग्न करून विनिपेगला गेली, गुडघे गेले, पण तो मोठा दिवा आणि ती जागा राहिली. खरं सांगायचं तर गावात ऑर्विलला कुणी बोलवावं असं वर्षभरात तेवढंच एक काम उरलं होतं, आणि ते त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून तर एवढ्या बाता!

त्या वर्षी हॉलमध्ये पहारेकऱ्यांची बैठक भरली. बैठक घेणारी जोसेट लाफ्लॅम, अस्वलांकडे बघणाऱ्या सरकारी पथकाची नवी अधिकारी. ऑर्विलचे बूट तिच्यापेक्षा वयाने मोठे होते.

"ऑर्विल, गेल्या वर्षी तुम्ही भोंगा वाजवायला लावलात," जोसेट म्हणाली.

"अस्वल होतं!"

"पाद्रीबाबांचा कुत्रा होता."

"मोठा होता!"

"त्याच्या गळ्यात पट्टा होता, ऑर्विल. आणि पट्ट्याला धरून पाद्रीबाबा होते!"

सगळा हॉल हसला. क्लेम तर मुद्दाम जरा जास्तच हसला.

"तेव्हा आता स्पष्ट सांगते," जोसेट म्हणाली. "खोट्या हाकाटीने पोरं घाबरतात, आणि दोनदा खोटी निघाली की तिसऱ्यांदा कुणी पळत नाही. या वेळी एक जरी चूक झाली तर दिवा क्लेमकडे जाईल. तुम्ही पुढच्या वर्षीपासून हॉलमध्ये आज्यांबरोबर गोळ्या वाटायच्या."

ऑर्विलच्या मिशा थरथरल्या. "पोरी, या डोळ्यांनी..."

"कुठल्या? डाव्या की उजव्या?" मागून क्लेम ओरडला.

हा टोमणा खरा वर्मी लागला. वसंतात मर्टल, म्हणजे ऑर्विलची बायको, त्याला धरून विनिपेगला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. डॉक्टर म्हणाला, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, दिव्याभोवती कडी दिसतील, एखाद्या वेळी एकाचे दोन दिसतील, काढून टाकू. बाहेर आल्या आल्या ऑर्विल मर्टलला म्हणाला, "बघ! डोळे ठणठणीत आहेत म्हणाला!" मर्टल आत त्याच्या शेजारच्याच खुर्चीवर बसली होती. तिने कपाळावर हात मारला आणि घरी आल्यावर सगळ्या गावाला सांगितलं.

हॅलोवीनच्या दिवशी ऑर्विल सकाळपासून घरभर नाचत होता. दिवा पुसला, दुर्बीण पुसली, परत दिवा पुसला. खिडकीशी गेला, दाराशी गेला, वॉकी-टॉकीचं बटण दाबून "हॅलो, हॅलो" केलं.

"अरे बस की जरा! डोकं गरगरायला लागलं माझं," मर्टल म्हणाली. ती चुलीवर कॅरिबू हरणाचं सूप ढवळत होती. "आणि ते मागच्या दारचं धूड उद्या तरी कचरा डेपोवर टाकून ये. सप्टेंबरातल्या लेबर डेपासून सांगतेय!"

"टाकतो, टाकतो."

"काय टाकशील? सांग बघू!"

"तू म्हणालीस ते!"

असं म्हणून तो मागच्या दाराने बाहेर पडला. एका हातात कॉफीचा मग, दुसऱ्या हातात दिवा. हातमोजे चढवायचे म्हणून मग कशावर तरी ठेवला, मोजे चढवले, दिवा उचलला आणि निघाला. कॉफीचा मग तिथेच राहिला. तो कशावर ठेवला हे जर तुम्ही त्याला ट्रकपाशी गाठून विचारलं असतं, तर त्याला शपथेवर सांगता आलं नसतं!

कोठाराखाली ट्रक लावून ऑर्विल डोळ्यांत तेल घालून बसला. बसला म्हणजे काय, बसवेना त्याला! काच पुसायला खाली उतरला, परत वर चढला. थंडी वाजली म्हणून हीटर लावला, काचेवर वाफ धरली म्हणून बंद केला. किनाऱ्यावरचा एकेक खडक त्याच्या ओळखीचा. हा बोडका, हा कुबडा, हा बसक्या नाकाचा. सगळे जिथल्या तिथे. उजेड विझत चालला होता, गावात पोरांच्या आरोळ्या सुरू झाल्या होत्या, आणि वॉकी-टॉकीवरून जोसेट दर थोड्या वेळाने एकेकाला हाक मारत होती.

"ऑर्विल?"

"स्वच्छ! काही नाही!"

"कुत्रा तरी?" मध्येच क्लेमचा आवाज.

"क्लेम, कामाशिवाय बोलायचं नाही," जोसेट म्हणाली, पण तीही हसत होती हे कळत होतं.

ऑर्विल चिडला. किनारा बघून बघून मान अवघडली, म्हणून मोडायला त्याने ती उलट्या बाजूला वळवली. दुर्बीण डोळ्यांनाच होती. गावातल्या शेवटच्या घरांची मागची बाजू दुर्बिणीत आली. एक घर, दुसरं घर, तिसरं...

पांढरं!

पांढरंशुभ्र, बैलाएवढं, जमिनीलगत दबा धरून बसलेलं! ऑर्विलने श्वास रोखला. तेवढ्यात त्या पांढऱ्या धुडाने डोकं वर केलं. हळूच खाली घातलं. परत वर केलं. समोरच्या खिडकीत पिवळा दिवा होता आणि दिव्यात एक बाई चुलीशी उभी राहून काहीतरी ढवळत होती. खिडकीला निळे चौकड्यांचे पडदे. ते पडदे ऑर्विलने स्वतः खिळे ठोकून लावले होते.

"मर्टल!"

आता ऑर्विलला काय म्हणायचं ते म्हणा, पण त्या क्षणी दिवा, मानाची जागा, आज्या, गोळ्या, यातलं त्याला काही आठवलं नाही. त्याने बटण दाबलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "अस्वल! माझ्या घराच्या मागे! खिडकीपाशी! मर्टल आत आहे! वाजवा भोंगा, वाजवा!"

भोंगा वाजला!

आणि गाव जे पांगलं म्हणता! ज्याला जे दार जवळ, तो त्या दारात. चेटकिणी शिक्षकाच्या न्हाणीघरात शिरल्या. तीन भोपळे आणि एक चाचा क्लेमच्या टॅक्सीत एकावर एक पडले, क्लेम सगळ्यांत खाली. पाद्रीबाबा समोर दिसलं त्या दारात घुसले, तो निघाला बार. आणि ऑर्विल ट्रकचा कर्णा वाजवत, खड्ड्याखळग्यांतून उडत घराकडे सुटला. वॉकी-टॉकी त्याने जॅकेटात कोंबला होता. तो पोट आणि स्टिअरिंग यांच्यामध्ये चेंगरला आणि बटण दाबलं गेलं ते दाबलेलंच राहिलं, याचा त्याला पत्ता नव्हता.

पुढचं दार उघडून तो आत घुसला. "मर्टल! खिडकीपासून लांब हो!"

स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धी गल्ली तिथे जमली होती. पोरं ओट्यावर, मोठी माणसं जमिनीवर, प्रत्येकाच्या हातात वाडगा.

"दार लाव आधी, गारठा येतोय," मर्टल म्हणाली. "सूप घेतोस?"

"सूप काय घेतोस! मागे अस्वल आहे! खिडकीत! एवढं मोठं!"

सगळे सटकन भिंतीला टेकले. मर्टलने डाव खाली ठेवला, पडदा सारला, बाहेर बघितलं. मग वळून ऑर्विलकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"ऑर्विल, ते अस्वल आहे?"

"मग काय आहे? डोकं हलवतंय ते!"

"ते झाकण आहे. वाऱ्याने हलतंय. तो आपला जुना आडवा फ्रीजर आहे, ऑर्विल! लेबर डेला बंद पडला, तूच ढकलत बाहेर काढलास, आणि 'उद्या टाकतो' म्हणालास. रोज त्याला वळसा घालून बाहेर जातोस तू! परवा त्याच्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधल्यास!"

"छे! तो फ्रीजर इतका मोठा कुठे..."

"त्याच्या कडेवर तुझा कॉफीचा मग आहे. डोळे फुटले असतील तर जाऊन हात लावून बघ!"

मंडळी, काय ते हसणं! एक म्हातारी हसता हसता सूप सांडून बसली. पोरं ओट्यावरून खाली गडगडली. आणि ते सगळं थांबतंय न थांबतंय तोच ऑर्विलच्या पोटातून जोसेटचा आवाज आला.

"ऑर्विल, बटण सोडा. सगळं गाव ऐकतंय."

ऑर्विलने चाचपडत वॉकी-टॉकी काढला. त्यातून अख्ख्या गावाचं हसू भसाभसा बाहेर पडत होतं.

"आणि ऑर्विल," जोसेटचा आवाज बदलला होता, "कोठाराखाली आत्ता कोण आहे?"

कोण असणार! कोठाराखाली तो होता, आणि तो इथे होता.

"क्लेम, तू जा तिकडे. लगेच. बाकी सगळ्यांनी बाहेर यायला हरकत नाही. ऑर्विल, तुम्ही घरीच थांबा. दिवा उद्या सकाळी आणून द्या."

संपलं! इतक्या वर्षांची जागा एका बंद पडलेल्या फ्रीजरने घालवली. माणसं हसत हसत निघून गेली, मर्टल पुढच्या दारात पोरांना गोळ्या द्यायला बसली, आणि ऑर्विल स्वयंपाकघरातला दिवा मालवून अंधारात खुर्चीवर बसला. कुणाचं तोंड बघू नये असं त्याला झालं होतं. रडू येत नव्हतं, पण आलं असतं तर बरं वाटलं असतं. तिकडे वॉकी-टॉकीवर क्लेम ऐटीत सांगत होता, "कोठाराखाली क्लेम! सगळं स्वच्छ! नुसते खडक! एकही फ्रीजर नाही!"

ऑर्विलने रागाने खिडकीतून बाहेर बघितलं. निदान त्या मेल्या फ्रीजरला डोळे भरून शिव्या तरी घालाव्यात.

बाहेर दोन फ्रीजर होते.

ऑर्विलने डोळे चोळले. दोन. शेजारी शेजारी, दोन्ही पांढरे. एक जरा चौकोनी आणि एक जरा गोल.

'एकाचे दोन दिसतील,' डॉक्टर म्हणाला होता. म्हणजे खरंच मोतीबिंदू! ऑर्विलला आता स्वतःचीच कीव आली. डॉक्टर खरा, मर्टल खरी, क्लेमसुद्धा खरा! त्याने सुस्कारा टाकून डाव्या डोळ्यावर पंजा ठेवला. उजवा डोळा चांगला होता, हे डॉक्टरनेच सांगितलं होतं. त्या चांगल्या डोळ्याने त्याने बघितलं.

तरी दोनच.

मग दुसऱ्या फ्रीजरने मागच्या पायाने कान खाजवला.

ऑर्विल खुर्चीतून उठला, तो खुर्ची घेऊनच उठला! वॉकी-टॉकी तोंडाजवळ नेला आणि त्याचं बोट बटणावर अडलं. काय सांगू? कोण ऐकणार? आत्ताच तर सगळ्या गावाची करमणूक केली! पण मर्टल पुढच्या दारात होती. दार सताड उघडं होतं. त्याने बटण दाबलं.

"जोसेट, मी ऑर्विल. माझ्या घराच्या मागे... अस्वल आहे."

हास्याचा स्फोट झाला.

"ऑर्विल, तो फ्रीजर आहे!" कुणीतरी ओरडलं.

"फ्रीजर वेगळा! हे फ्रीजरच्या शेजारी आहे! कान खाजवतंय!"

"त्याला विचार, आत बर्फ आहे का!"

"ऑर्विल," जोसेट थकलेल्या आवाजात म्हणाली, "वॉकी-टॉकी बंद करून झोपा. मी येऊन बघते हवं तर."

"लवकर ये, पोरी, लवकर!"

आणि एवढ्यात घराच्या कोपऱ्यावर बॅटऱ्या चमकल्या. पोरं! चेटकिणी, भोपळे, चाचे, सगळी फौज! ऑर्विलचा सुप्रसिद्ध फ्रीजर बघायला निघाली होती! तोपर्यंत पुढच्याने कोपरा ओलांडला होता. ऑर्विलने खिडकीवर मुठी आपटल्या. "मागे फिरा! अस्वल आहे! अस्वल!"

"अस्वल! अस्वल!" पोरं आनंदाने ओरडली आणि त्याला हात हलवून दाखवले. एका भोपळ्याने तर फ्रीजरच्या दिशेने वाकून नमस्कार केला. बॅटरीचा उजेड सरळ त्या दुसऱ्या पांढऱ्या ढिगावर पडला होता, आणि तरी कुणाला काही दिसेना! बघायला आली होती फ्रीजर, दिसत होता फ्रीजर!

ऑर्विलच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कसा पडला ते त्यालाच ठाऊक, कारण त्या डोक्यात सहसा पडत नसे. यांना आता अस्वल दाखवून दिसायचं नाही. यांना दुसरं काहीतरी दाखवायला हवं!

तो पुढच्या दाराकडे धावला, मर्टलला ओलांडून पायरीवर उभा राहिला आणि दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडला, "आख्खी चॉकलेटं! आमच्याकडे आख्खी चॉकलेटं! दुकानातली, मोठी, आख्खी! पहिला येईल त्याला दोन!"

ज्याने कधी हॅलोवीनला दारोदार फिरून नखाएवढे तुकडे गोळा केले असतील, त्यालाच कळेल की आख्खं चॉकलेट म्हणजे काय! घरामागे असा काही धडधडाट झाला की पायरी हादरली. चेटकिणींनी झाडू टाकले, चाच्याने तलवार टाकली, आणि सगळी फौज कोपऱ्यावरून उलटी फिरून, ऑर्विलला बाजूला लोटून घरात घुसली. नुसती पोरंच नव्हे, रस्त्यावरची मोठी माणसंही आली. पाद्रीबाबा बारमधून आले! ऑर्विलने दार लावलं, पाठ टेकली आणि आयुष्यात पहिल्यांदा कडी घातली.

"ऑर्विल," मर्टल दातांवर दात ठेवून म्हणाली, "कुठली आख्खी चॉकलेटं?"

"चॉकलेट! चॉकलेट!" घर दणाणलं.

ऑर्विलने नुसतं मागच्या खिडकीकडे बोट दाखवलं.

सगळी तिकडे धावली. चौकड्यांच्या पडद्याखाली नाकांची रांग लागली. अंगणात फ्रीजर उभा होता, आणि दुसरा फ्रीजर मागच्या दोन पायांवर उभा राहून पहिल्याच्या आत डोकं घालत होता.

पाद्रीबाबांनी छातीवर क्रूस काढला.

"मर्टल," ऑर्विल कुजबुजला, "त्यात काय होतं?"

"वसंतातली रानबदकं," मर्टल कुजबुजली. "तुलाच सांगितली होती काढायला."

झाकण वाऱ्याने खाली आलं आणि अस्वलाच्या मानेवर आपटलं. अस्वल भडकलं! त्याने फ्रीजर पंजांनी बडवला, उलटा पाडला, मग धक्के मारत उतारावरून खाली ढकलत नेला. फ्रीजर गडगडतोय, अस्वल मागे, अस्वलाच्या तोंडात बदक! ऑर्विलचा मग पहिल्याच धक्क्याला फुटला. तेवढ्यात जोसेटचा ट्रक आला. तिने उतरून आवाजी बार काढले, धाड, धाड! अस्वलाने एकदा मान वळवून "काय कटकट आहे" असं बघितलं, आणि खडकांवरून समुद्राकडे चालतं झालं. फ्रीजर भरतीच्या पाण्यात जाऊन पडला.

मग मर्टल म्हणाली, "लेबर डेपासून सांगत होते. शेवटी अस्वलाने ऐकलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी जोसेट आली तेव्हा ऑर्विल दिवा पुसून, वायर गुंडाळून, टेबलावर ठेवून बसला होता. रात्रभर त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"अस्वल कुठून आत आलं ते बघितलं मी," जोसेट म्हणाली. "कोठाराखालून. तुमच्या टायरच्या खुणांवरून चालत आलंय. तुम्ही निघालात आणि ते आलं. क्लेम पोचला तोवर ते गावात होतं."

ऑर्विलने मान खाली घातली. "जागा सोडली मी. फ्रीजरसाठी."

"मर्टलसाठी सोडलीत," जोसेट म्हणाली. "तरी सोडायला नको होती. माझ्याकडे सोपवायचं. आणि दुसरं. तुम्ही खरं सांगितलंत तेव्हा मी तुम्हाला झोपायला सांगितलं. पोरं तिथे होती, ऑर्विल! त्या सगळ्यांनी ते बघितलं आणि कुणाला दिसलं नाही. दिसलं तुम्हाला एकट्याला."

"एकाच डोळ्याने," ऑर्विल पुटपुटला.

"मग दुसराही करून या. विनिपेगला जा, मोतीबिंदू काढा, दिवा तुमचा. नाहीतर क्लेमचा."

ऑर्विल त्याच आठवड्याच्या गाडीने गेला. डोळा असा काही लख्ख झाला की परत आल्याबरोबर त्याने मर्टलला विचारलं, "अगं, तुला एवढ्या सुरकुत्या कधी आल्या?" मग काही दिवस तो सोफ्यावर झोपला. तेवढं सोडलं तर सगळं झकास! मधल्या काळात गावातल्या प्रत्येक पोराला आख्खं चॉकलेट द्यावं लागलं. पाद्रीबाबांनीही मागून घेतलं.

पुढच्या हॅलोवीनला ऑर्विल परत कोठाराखाली! दिवा झगझगीत, दुर्बीण गळ्यात, कानटोपीचे कान वर. "क्लेम, तुझ्या टॅक्सीच्या नंबराची पाटी वाकडी आहे! इथून दिसतेय!" असं चाललेलं.

दिवेलागणीला मर्टल जेवण घेऊन आली. तिच्या ट्रकमधून पाच-सहा पोरं उतरली आणि ऑर्विलसमोर ओळीने उभी राहिली. प्रत्येकाच्या नाकाखाली करड्या लोकरीच्या झुबकेदार मिशा. स्वेटरात उशी कोंबून पुढे आलेलं पोट. डोक्यावर फडफडती टोपी, गळ्यात पुठ्ठ्याच्या दोन नळ्या.

"ओळखा बघू आम्ही कोण!"

ऑर्विलने दिवा वर केला. एकेकाला टोपीपासून बुटापर्यंत निरखलं. दोन्ही डोळ्यांनी निरखलं, मग नुसत्या डाव्याने निरखलं.

"हात्तिच्या! यात काय ओळखायचंय! माझ्या नजरेतून काही सुटत नाही, बाळांनो! मिशा, पोट, सुस्त अंग... वॉलरस!"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एकीला हसू आवरेना.

"नीट बघ, ऑर्विल," मर्टल म्हणाली.

"नीटच बघतोय! वॉलरसच! टोपी कशाला घातलीय ते तेवढं कळलं नाही. आणि वॉलरसच्या गळ्यात दुर्बीण..."

तो थांबला. हळूच त्याचा हात गळ्यातल्या दुर्बिणीकडे गेला. तिथून मिशांकडे. मग त्याने खाली वाकून बघितलं, तर बूट दिसेनात.

"माझं पोट काही एवढं नाहीये!" तो ओरडला.

त्या पोटाखालून आवाज आला. "ऑर्विल," जोसेट म्हणाली, "बटण सोडा."